पानेमामांची जोडाजोड

रुग्णालयाच्या दुरुस्ती खात्यात त्यांना सगळे पानेमामा म्हणत. खिशात पाना नसला, तर मामांना अंगावर कपडेच नसल्यासारखं वाटे. गळके नळ त्यांच्यापुढे गुमान बसत. ऐकत नव्हते ते त्यांचे स्वतःचे गुडघे. गच्चीवरच्या टाकीची शिडी चढताना ते नको नको ते आवाज काढत. मुकादमाची जागा मिळाली की शिडी सुटून खुर्ची मिळणार होती. आडवी आली होती इंग्रजीची परीक्षा. तीत म्हणे शब्दांना पुढून-मागून जोड लावून नवे शब्द करायचे.

शिकवणी घरच्याच मास्तरीणबाईंकडे, म्हणजे दहावीतल्या लेकीकडे.

"बाबा, हॅपीला पुढून 'अन' लावा. अनहॅपी. म्हणजे दुःखी."

"अगं, हे तर आपलंच काम! आता पॉसिबलला लावतो. अनपॉसिबल."

"अंहं, तिथं 'इम' लागतं."

"का? दोन्ही पाइप अर्ध्या इंचाचेच दिसतायत की!"

"तसंच असतं, बाबा."

"तसंच असतं म्हणून मी नळ बसवले असते, तर लोकांनी जोड्यानं हाणलं असतं."

आतून बायको म्हणाली, "त्यांना आधी 'होपलेस' शिकव. उदाहरण समोरच बसलंय."

तरी मामांनी हिय्या केला. रिकाम्या टाकीत डोकं घालून 'केअरफुल, केअरलेस' घोकलं. टाकीही त्यांच्यामागून म्हणू लागली.

परीक्षा रुग्णालयाच्याच सभागृहात होती. प्रश्नपत्रिका पाहून मामांचा चेहरा खुलला. सगळं येत होतं! दोन शब्द लिहून होतात न होतात, तोच शेजारच्या न्हाणीघरात काहीतरी फुटलं. दाराखालून पाणी आत आलं.

पर्यवेक्षक बाई पाय वर घेऊन म्हणाल्या, "बसा हो, येईल कुणीतरी."

हा 'कुणीतरी' कोण, हे मामांना तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी पेन घट्ट धरलं. पेन जागचं हलेना, कान पाण्याकडे. 'आलोच' म्हणून ते उठले. पण पाणी बंद करायची झडप गंजलेली, ती कसली 'आलोच'ला दाद देतेय! निथळत परत आले, तेव्हा बाई पेपर बांधत होत्या.

"बाई, मला येत होतं सगळं."

"वेळ संपली हो, मामा. पुढच्या वर्षी बसा. पण देवासारखे धावलात! तुम्हाला खुर्चीत बसवलं, तर आमचं कसं व्हायचं?"

मामांनी ओला पाना पुसून खिशात घातला.

"आणि उठलाच आहात," बाई म्हणाल्या, "तर गच्चीवरची टाकीपण बघून घ्या ना."

मामांनी गुडघे चोळले आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.