आमचा कुत्रा एकादशी करतो

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. भजनी मंडळात, पोस्टात, दवाखान्याच्या बाकावर, जो कोणी कान देईल त्याला त्या हे सांगायच्या. ऐकणाऱ्या बायकाही अशा, की गालावर बोट ठेवून म्हणायच्या, "अगं बाई! गेल्या जन्मीचा कुणी पुण्यात्मा असणार हो." पुण्यात्मा! इतकी वर्षं झाली, तरी तो शब्द आठवला की माझं टाळकं सरकतं. त्या पुण्यात्म्याचे पुढचे पाय कमानीसारखे वाकले होते. आमच्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकली की तो मटकन खाली बसायचा. ते कुणाला दिसत नव्हतं का?

पण आधीपासून सांगते, नाहीतर माझं असंच होतं, राग आधी आणि गोष्ट नंतर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही मूळचे देशावरचे. वसईच्या पुढे मनवेलपाड्यात नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. घरात नवरा, मी आणि सासूबाई. मी वसईला शाळेत शिकवत होते. तिथल्या माझ्या मैत्रिणीची होळी गावात वाडी होती, केळी, भाजी, फुलं असं सगळं. तिच्या वाडीतली कुत्री व्याली. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जेवायला गेले आणि येताना पिशवीत पिल्लू घेऊन आले. तांबूस रंगाचं, चारही पाय पांढरे, पोट तर टम्म. मैत्रिणीनं निघताना बजावलं होतं, "सुकट-भात घाल गं त्याला. दुसरं काही लागत नाही." मी हसले. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, सुकट कुठली येतेय!

पिल्लाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तेच आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं टोपणनाव होतं आणि तो गृहस्थ अजून खणखणीत आहे.

पहिल्या महिन्यात त्यानं आम्हाला सळो की पळो करून सोडलं. सोफ्याचा एक पाय, नवऱ्याच्या दोन चपला (वेगवेगळ्या जोडांतल्या, म्हणजे दोन्ही जोड गेले) आणि पंचांगाची चैत्र ते आषाढ एवढी पानं त्यानं फस्त केली. तेव्हा आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं. भरून ठेवलेल्या टबात हा एकदा दोन पायांवर उभा राहून डोकावला आणि आतच पडला. अख्खं पिण्याचं पाणी फुकट! नवरा म्हणाला, "उद्याच्या उद्या परत देऊन ये." त्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. "घरात आलेल्या जिवाला परत नाही पाठवायचं. आला तो आपला झाला."

हे मला सांगायलाच हवं, की सासूबाईंनी त्याला जीव लावला. रोज जेवायला बसल्या की पहिला तूपभाताचा घास त्याचा. मग स्वतःचा. पायाशी गोणपाट टाकून त्या वाती वळत बसायच्या आणि तो त्या गोणपाटावर पसरून त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दात लावायचा. "अरे अरे, म्हातारीचं हाड आहे ते, चिवट लागेल," असं त्या म्हणायच्या, पण पाय मागे घ्यायच्या नाहीत. माझ्याशी त्या इतक्या गोड कधीच बोलल्या नाहीत, असो.

पण आपला झाला म्हणजे किती आपला व्हावा! दूध-पोळी, वरणभात, ताकभात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत नुसतं दूध. बिचारं पिल्लू ताटलीतला साबुदाणा हुंगायचं, माझ्याकडे बघायचं, पुन्हा हुंगायचं. शेवटी भूक वाईट, खायचं. की लगेच, "बघ, कसा शहाणा आहे! आमचा कुत्रा एकादशी करतो." आणि नवऱ्याला ह्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तो म्हणे, "आपण नाही का जगलो वरणभातावर?" अहो, तुम्ही जगलात, कारण तुम्ही माणूस आहात! हे मी मोठ्यानं म्हणाले तर तो म्हणाला, "आईशी वाद घालू नकोस." मी वाद त्याच्याशी घालत होते, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आषाढ लागला तोवर पिल्लू उंच झालं, पण पाय त्याला पेलेनात. पुढचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागले. जिना उतरताना कण्हायचा. मी त्याला उचलून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय चाचपले आणि विचारलं, "खायला काय घालता?" मी सांगितलं. त्यांनी त्याचा पाय अलगद खाली ठेवला. मग म्हणाले, "मुडदूस झालाय. ह्याला अंडी, मासे, हाडं द्या, उन्हात बसवा. हाडं आता घडतायत. हे दोन-तीन महिने गेले की पाय असेच राहणार. मग जन्मभर फरफटत चालेल."

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. त्यांनी त्याचे पाय तिळाच्या तेलानं चोळले. आणि मग म्हणाल्या, "पण ते असलं काही माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. त्यापेक्षा मी त्याच्यासाठी जास्तीचा गुरुवार धरते." म्हणजे कुत्र्याचे पाय वाकडे का, तर उपासानं, आणि त्यावर औषध काय, तर आणखी एक उपास! मी डोक्याला हात लावून बसले. नवरा कॅल्शियमचं औषध घेऊन आला आणि आपण फार मोठा तोडगा काढल्यासारखा पेपर वाचत बसला.

मग आमच्या तळमजल्यावरची मालवणी बाई मध्ये पडली. तोवर तिची-माझी ओळख म्हणजे पाणी आलं का, गेलं का, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू, एवढीच. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याला कडेवर घेऊन जिना उतरत होते. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वयनी, ह्याका खाऊक काय घालतास?"

मी सांगितलं. एकादशीसकट.

"माजे बाये! कुत्रो तो, कीर्तनकार नाय!" असं म्हणून ती उठली आणि आत गेली. वाटीभर भात आणि त्यावर जवळ्याचं कालवण घेऊन आली. माझ्या कडेवरून तो अक्षरशः सुटला. ज्याला उभं राहवत नव्हतं, तो त्या वाटीपाशी उभा राहिला. शेवटचं शीत चाटून होईपर्यंत उभा होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. घरभर माया आहे, तूप आहे, तेल आहे, आणि पोर उपाशी!

तेव्हापासून रोज शाळेतून आले की मी त्याला "फिरवायला" खाली न्यायची आणि तो तिच्या ओट्याखाली जेवायचा. थोड्याच दिवसांत श्रावण लागला. श्रावणात तिच्या घरात मासळी शिजत नव्हती. मी म्हटलं, आता महिनाभर काय करायचं? ती म्हणाली, "श्रावण मी पाळतंय. तेका कित्याक?" आणि ती बाई श्रावणातसुद्धा त्याच्यासाठी वेगळ्या टोपात सुकट शिजवायची, टोप घासून बाजूला ठेवायची, अंघोळ करायची आणि मगच आपल्या देवाला फूल वाहायची. स्वतःचा नेम तिनं मोडला नाही आणि कुत्र्यावर लादलाही नाही. देवधर्म आमच्या घरात काय कमी होता? पण एवढी साधी गोष्ट आमच्याकडे कुणाला सुचली नव्हती.

नारळी पौर्णिमा झाल्यावर अर्नाळ्याच्या कोळणी पाट्या घेऊन यायला लागल्या. मग काय, बोंबलाचे काटे शिजवून कुस्करलेले, बांगड्याची डोकी, चैन! मी वर नेताना त्याचं तोंड साबणानं धुवायची. एकदा वेलदोडा चावायला दिला, तर माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच वेडी आहे. नवरात्र येईस्तोवर त्याचे पाय बऱ्यापैकी सरळ झाले. दिवाळीत तो जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायला लागला. सासूबाईंनी पेढे वाटले. पहिला पेढा देवापुढे आणि दुसरा त्याला. "बघ, गुरुवार फळले. तुझा विश्वासच नव्हता." मी दातांखाली जीभ धरली. कुत्रा चालतोय ना, मग गुरुवारांना घेऊ दे श्रेय, असं मी मनाला समजावलं. पण खरं सांगते, बांगडे शिजवणारी बाई खाली आणि पेढे वर!

मग मार्गशीर्षातला तो दिवस आला. मी त्याला खाली सोडून कपडे वाळत घालायला वर आले होते. दार उघडंच होतं, तेव्हा दिवसाची दारं कोण लावायचं! सासूबाई नेहमीसारख्या वाती वळत बसल्या होत्या. तो जिन्यावरून धडधडत आला, तोंडात काहीतरी धरलेलं, शेपूट नुसतं गरगरत होतं. सरळ सासूबाईंपाशी गेला आणि त्यांच्या मांडीवर, कापसात, बांगड्याचं डोकं ठेवलं. मग दोन पावलं मागे सरून बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. रोज पहिला घास त्या त्याला द्यायच्या. आज त्यानं आपला आणला होता. मला ते त्याच क्षणी कळलं.

सासूबाई किंचाळल्या. वाती उधळल्या, डोकं घरंगळत देवघरापर्यंत गेलं. "बाटला! बाटला मेला! कुणाच्या घरचं खाऊन आला!" त्यांनी देवघराशेजारची गोमूत्राची बाटली उचलली आणि आधी कुत्र्यावर, मग फरशीवर, मग उंबऱ्यावर, मग माझ्यावर शिंपडत सुटल्या. तो बिचारा काही समजेना म्हणून शेपूट हलवतच होता. थेंब नाकावर पडला की शिंकायचा आणि पुन्हा हलवायचा.

"आई, पुरे करा!" मी ओरडले. "त्याच खाण्यावर तो उभा राहिलाय! तुमच्या गुरुवारांवर नाही!"

आणि मग मला दारात ती दिसली. कुत्रा तोंडात डोकं घेऊन वर पळाला म्हणून ती त्याच्या मागोमाग धावत आली होती. हात खरकटे होते, दम लागला होता. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण उंबऱ्यावरचे ओले शिंतोडे तिच्या पायांवरही उडाले होते.

चिडली की ती मालवणी बोलायची नाही. हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून तिनं सासूबाईंना विचारलं, "काकू, गेल्या संक्रांतीला तुम्ही मला हळदीकुंकवाला बोलावलंत. मी इथे, ह्या पाटावर बसले होते. मी गेल्यावर काय शिंपडलंत?"

सासूबाईंच्या हातात बाटली तशीच होती. नाही म्हणायला फार वेळ लागत नाही हो. दोन शब्द तर बोलायचे होते, "काही नाही" म्हणून. त्या बाटलीचं बूच शोधत राहिल्या.

ती खाली गेली. कुत्रा तिच्या मागोमाग गेला. मीही धावले, पण तिनं त्याला आत घेतलं आणि दार लावलं. दिवसा दार लावलेलं मी तिचं पहिल्यांदा बघितलं. मी बाहेरून हाक मारली. आतून आवाज आला, "वहिनी, त्याचं जेवण बंद होणार नाही. तुम्ही जा." वयनी नाही, वहिनी.

नवरा संध्याकाळी आला. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ दे, जुनी माणसं आहेत." जुनी माणसं! हे दोन शब्द म्हटले की ह्या लोकांना काहीही धुऊन निघतं असं वाटतं, गोमूत्रापेक्षा सोपं. मी त्याला त्या दिवशी जेवायला वाढलं नाही.

दिवेलागणीला दार ढकलून कुत्रा आपला आपण वर आला. सरळ सासूबाईंच्या पायाशी गोणपाटावर जाऊन पसरला आणि त्यांचा अंगठा चाटायला लागला. त्यांचा चेहरा इतका खुलला! त्याच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाल्या, "बघ, आला की नाही? त्याच्या मनात काही राहत नाही."

"आई," मी म्हटलं, "तो कुत्रा आहे म्हणून आला."

त्यांचा हात थांबला. मग उठून त्यांनी ताटलीत तूपभात कालवला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो खाल्ला. त्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन खाली गेले. तिनं दारातच घेतला, गोड बोलली आणि माझ्या हातावरही ठेवला. वर येता का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. कुत्रा मात्र त्यानंतर बारा वर्षं, सरळ पायांनी, दोन्ही घरांत येत-जात राहिला.