लाभ, दोन, तीन

पहिलीत गुरुजींनी खडे मोजायला लावले तेव्हा मी ठसक्यात सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार." वर्ग खदाखदा हसला. गुरुजी नव्यानंच बदलून आलेले, पार कोकणातले. त्यांना वाटलं पोरगी टवाळी करतेय. हातावर छडी बसली ती बसलीच. घरी येऊन भोकाड पसरलं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, मिशीत हसून म्हणाले, "शाळंत एक म्हनायचं बाय, आन् खळ्यावर लाभ. दोनी बरोबरच हाय."

आमचं गाव आटपाडीच्या अलीकडे, कोरडं ठणठणीत. शाळू तेवढा पिकायचा, तोही देवाच्या मर्जीनं. मळणी उरकली, धान्याची रास लागली की ती पायलीनं मोजायची, आणि मोजायला अख्ख्या वस्तीत अण्णांना बोलावणं यायचं. पायताण खळ्याबाहेर काढायचं. रास मोजून होईस्तोवर मोजणाऱ्याशिवाय कुणी चकार शब्द काढायचा नाही. बायांनी तर खळ्यात पाऊलही टाकायचं नाही. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. का, ते कुणी सांगत नसे. मी आकडे शिकले ते तिथं, खळ्याच्या कडेला बसून, त्या एकाच आवाजावर. म्हणून छडी.

साताऱ्याला मी मास्तरकीच्या शिक्षणाला होते तेव्हा दिवाळीच्या तोंडावर तार आली. अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. मी मिरजेच्या दवाखान्यात पोचले तर ते वरच्या पंख्याकडे बघत पडलेले, तोंडातून शब्द नाही. आई पायाशी बसून होती, जेवणाचं फडकंसुद्धा न सोडता. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी नर्स औषधाची वाटी घेऊन आली आणि अण्णा एकदम बोलले, "एक दीडे दीड, बे दीडे तीन, तीन दीडे साडेचार..." अख्खा दिडकीचा पाढा, न अडखळता! आईनं पदर तोंडाला लावला, हसावं का रडावं तिला कळेना. "आलं गं माघारी," ती म्हणाली, "समदं डोस्कं जाग्यावर हाय त्येंचं."

घरी आणल्यावर उजवा पाय तेवढा ओढत चालायचे. बोलणं परतलं. संध्याकाळी ओसरीवर बसून पाढे म्हणायचे आणि आई चुलीपुढून कान देऊन ऐकायची. भेटायला आलेलं माणूस म्हणायचं, गडी खणखणीत हाय की! मलाही तसंच वाटलं असतं. पण एकदा जेवताना आईनं विचारलं, "आवं, भाकरी किती वाढू?" अण्णा म्हणाले, "साडेचार." सगळे हसले. अण्णांची चेष्टेची सवय साऱ्या गावाला ठाऊक. मी त्यांच्यासमोर बसले होते. ते हसत नव्हते. आपण काय चुकलो, ते आमच्या तोंडांवर शोधत होते.

मिरजेच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा मी विचारलं. ते साधं बोलले. पाठ केलेलं मेंदूत एका जागी राहतं, समजलेलं दुसऱ्या जागी. मार त्या दुसऱ्या जागी बसलाय. बाहेर आल्यावर आई माझ्यावरच फणकारली, "डाक्टरला काय कळतंय? मला न येणारं पाढं त्येनी म्हनत्यात, आन् म्हनं समजत न्हाई!"

आम्हाला साताऱ्याला हेच शिकवलं होतं, उलट्या बाजूनं. लहान मूल शंभरापर्यंत धाडधाड म्हणतं, आईबाप खूश होतात, पण पाच चिंचोके उचल म्हटलं की मूठभर उचलतं. आकडा आधी तोंडात येतो. मनात त्याला जागा व्हायला फार वेळ लागतो. दोन-तीन वस्तू नुसत्या बघून कळतात, त्याच्या पुढं मोजावं लागतं. एका आकड्याला एकच चिंचोका, हा मेळ बसला की मूल शिकलं. मी ठरवलं, पोरांना येतं ते माझ्या बापाला का येऊ नये?

तिकडं अण्णांना एकच ध्यास लागला होता. दुष्काळाची वर्षं सरून पहिल्यांदा शाळू डोक्याच्या वर गेला होता. "औंदाची रास मीच मोजनार," ते येईल त्याला सांगायचे. धाकटे चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू शिकलीयास. जमंल का त्येला? न्हाईतर चार लोकांत शोभा हुईल." मी म्हणाले, जमवते. नाताळच्या सुट्टीत आले, मग संक्रांतीला आले, मग दर रविवारी एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत येत राहिले.

जोत्यावर चिंचोके मांडायचे. दोन ठेवले तर अण्णा पटकन दोन म्हणायचे, तीनही ओळखायचे. त्याहून जास्त झाले की "लय हायत" म्हणायचे. मोजा म्हटलं की तोंड सुटायचं, एक दोन तीन चार पाच सहा, आणि बोट अजून दुसऱ्या चिंचोक्यावरच. मी बोट धरून चालवायचे. बोट थांबायचं, तोंड थांबायचं नाही. एकदा चिडून त्यांनी चिंचोके अंगणात भिरकावले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "पोरी, चार म्हंजी नेमकं क्यवडं गं?"

मी गोठ्याकडं बोट केलं. "बैलाला पाय असत्यात न्हवं, तेवढं."

त्यांनी बैलाकडं बघितलं. "ते पाय हायत," ते म्हणाले. "चार कुठं हाय?"

साताऱ्यात कुणी याचं उत्तर शिकवलं नव्हतं. खरंच, चार कुठं असतो? बैलाजवळ तर नसतोच. तो आपल्यात असतो, आणि माझ्या बापातून तो निघून गेला होता. मी उठून परसात गेले आणि पोटभर रडले. चुलत्यांना मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं, असं आज कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या माणसाच्या हातातली पायली काढून घ्यायची छाती कुणाची होती?

शिमग्याच्या आत खळं झालं. रास पुजली, नारळ फुटला. अण्णांनी धुवट पटका बांधला होता. पाय ओढत ते राशीपाशी गेले, बसले, आणि दोन्ही हातांनी दाणे ओढून पायली शिगोशीग भरली. हातांना सगळं आठवत होतं. चुलत्यांनी पोत्याचं तोंड धरलं.

"लाभ," अण्णा म्हणाले. आवाज तोच, जुना. माझं काळीज सुपाएवढं झालं. खळ्याबाहेर पाण्याची घागर घेऊन आई उभी होती, ती माझ्याकडं बघून हसली.

दुसरी पायली भरली. "लाभ."

चुलत्यांनी मान खाली घातली. शेजारच्या वस्तीवरचे दोघे एकमेकांकडं बघू लागले. बोलायचं नाही, रीत होती.

तिसरी भरली. "लाभ."

पायली परत भरली आणि ती पोत्यावर नेता नेता अण्णा थांबले. पायलीतून दाणे सांडत होते. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. आपल्याला कळत नाही हे त्यांना कळलं होतं. त्या साऱ्या दुखण्यात मी तेवढं एकच मागत होते, की हे त्यांना कधी कळू नये.

"लाभाच्या फुडं काय असतंय?" त्यांनी विचारलं.

खळ्यात उभ्या एकाही बाप्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा कडेनं आवाज आला.

"चार," आई म्हणाली. "आवं, चार. तीन झाल्या."

जन्मात शाळेचं तोंड न बघितलेली माझी आई घागर खाली ठेवून खळ्यात आली, राशीपाशी बसली. कुणी तिला उठ म्हणालं नाही. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, "चार," म्हणाले, आणि पायली ओतली. पुढं तिनं पाच म्हटलं, त्यांनी पाच म्हटलं. अशी सगळी रास झाली. एका पायलीलाही ती चुकली नाही, आणि तिनं काय सांगितलं ते एकदाही त्यांना समजलं नाही.

त्या संध्याकाळी अण्णा ओसरीवर गप्प बसून होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हना की वो. एक दीडे दीड..."

"नगं," अण्णा म्हणाले. "नुसतं तोंड वाजतंय गं. आत काय न्हाई."

आईनं पुन्हा आग्रह केला नाही. पुढची सुगी अण्णांनी बघितली नाही. पण ते होते तोवर किती वाढू, असं तिनं त्यांना कधी विचारलं नाही. ताटात एक भाकरी ठेवायची, शेजारी बसून राहायची, आणि ती संपली की दुसरी ठेवायची.