चाळीस पावलांवरची सव्वाशे कोटी वर्षं

सुनंदाताईंची आणि माझी पहिली भेट सिंगापुरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाली. नव्या बोगद्यासाठी जमिनीत खोल भोकं पाडून काढलेले मातीचे नमुने तिथे लांबट खोक्यांत मांडले होते. मी पुण्याहून आलेली, नोकरीला जेमतेम दोन महिने झालेली भूशास्त्रज्ञ. ताई आमच्या कंपनीच्या मुख्य भूशास्त्रज्ञ. एका नमुन्यापुढे मी 'सलग चिकणमाती' अशी नोंद केली होती. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि एका तांबूस पट्ट्यावर थांबवलं.

"माधवी, हे काय?"

"डाग असेल, मॅडम."

"डाग नाही. इथे समुद्र मागे हटला होता. जमीन उघडी पडली, वाळली. पुढे कधीतरी समुद्र परत आला. मधल्या काळाचं पानच नाही इथे."

अशा हरवलेल्या काळाच्या खुणेला आम्ही विसंगती म्हणतो. परीक्षेत मी तिची व्याख्या लिहून पूर्ण गुण मिळवले होते. समोर आली तेव्हा मात्र ओळखली नाही.

पंचाईत अशी, की माझी नोंद अहवालात जाऊन पोचली होती. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ग्राहक कंपनीचे लोक चिडलेले होते. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करण्याचा परवाना, आता जातो, या धास्तीने मी खाली मान घालून बसले होते. ताई उभ्या राहिल्या. "अहवालावर सही माझी आहे, तेव्हा चूक माझी. आणखी दोन ठिकाणी खोदून बघू," एवढंच बोलल्या. माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं, तर म्हणाल्या, "रडून घे. मग सगळी खोकी पहिल्यापासून वाच." आठवडाभर त्या माझ्या शेजारी उभ्या राहून ती वाचत होत्या.

पुढे दर शनिवारी सिंगापुरातल्याच बेडोक भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आम्हा नवख्यांचा वर्ग भरू लागला. वर्गात एक फोटो ठरलेला असे: अमेरिकेच्या वाळवंटातली ग्रँड कॅन्यन. तळाशी उभे-तिरपे दाबले गेलेले काळे खडक आणि त्यांच्यावर वालुकाश्माचे आडवे थर. दोन्हींच्या मधली सुमारे सव्वाशे कोटी वर्षं गायब. आधी कामाचा रेटा, मग यजमानांचं दीर्घ आजारपण, यात ताईंचं तिथे जाणं राहूनच गेलं होतं.

गेल्या वर्षी ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही चार विद्यार्थी त्यांना तिथे घेऊन गेलो. नदीतून होडीने तळाशी पोचलो. ती भिंत किनाऱ्यापासून चाळीसेक पावलांवर होती, पण वाटेत कंबरेएवढे दगड. ताईंचे दोन्ही गुडघे शस्त्रक्रिया झालेले. "तुम्ही हात लावून या, मी इथून बघते," त्या म्हणाल्या. आवाज मात्र पडला होता.

आमच्यातली वेई लिंग ऐकेना. सहज जमेल, असं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आंटी, कॅन लाह! वी पुश, यू क्लाइंब!"

ताईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं आणि सरळ दगडावर रांगायला सुरुवात केली. पुढून मी हात धरलेला, मागून वेई लिंगचा रेटा, होडीवाला टोपी काढून प्रोत्साहन देतोय आणि आमच्या ताई खदखदून हसताहेत! "पंचाहत्तरीला लोक पाट मांडून ओवाळून घेतात, मी रांगतेय!"

भिंतीपाशी त्यांनी पंजा असा टेकवला, की बोटं वालुकाश्मावर आणि तळवा काळ्या खडकावर. हसू थांबलं. मग आम्हा चौघांना जवळ ओढून म्हणाल्या, "चला, आता इथेच वर्ग घेते." आणि खरोखरच तासभर घेतला. होडीवालासुद्धा खाली बसून ऐकत होता.

हा लेख लिहितेय असं मी ताईंना कळवलं, तर उत्तर आलं, "माझं कौतुक आवर. थरांचा क्रम तेवढा चुकवू नकोस." चुकला असेल, तर ताईंनी मला शनिवारी बोलावून घ्यावं आणि लाल पेनाने दुरुस्त करावा. माझ्याकडून चुका अजून पुष्कळ व्हायच्या आहेत. त्या सगळ्या तपासायला पुरेल इतकं दीर्घ, निरोगी आणि असंच हसरं आयुष्य त्यांना लाभो.