आक्काचं नाव ज्यांनी पाठवलं नाही

आक्का गेल्याची तार आली तेव्हा मी सांगलीत, दुकानामागच्या खोलीत हळकुंडं निवडत बसले होते. कावीळ झालीय एवढंच कळलं होतं. सख्ख्या थोरल्या बहिणीची बातमी, डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आधी एका माणसाचा राग आला... दीड महिना झाला, तो राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आक्का लोणंदच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवायची. जागा तात्पुरती, दर जूनमध्ये नवी नेमणूक. सरकारी प्रशिक्षक व्हायचं तर पंजाबात जाऊन कोर्स करावा लागायचा, आणि त्यासाठी साताऱ्याच्या संघटनेने नाव पाठवायला हवं. संघटना म्हणजे सेक्रेटरीसाहेब. बोलणं गुळाच्या ढेपेसारखं. ‘यंदा तुमचंच नाव’ असा त्यांनी शब्द दिला, तेव्हा तिकडच्या थंडीसाठी आक्काने माझ्याकडून स्वेटर विणून घेतला होता.

त्या वर्षी सोळा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना सांगलीत होता, म्हणून मीही बघायला गेले. सेक्रेटरींनी आयत्या वेळी आक्काच्या संघात एक दांडगी मुलगी घातली होती, खंडाळ्याकडची, नववीतली म्हणून. तिच्या जोरावर आपण पुढे होतो. मध्यंतराला ती गायब! आक्का शोधायला निघाली, मी मागोमाग, तर शाळेच्या भिंतीआड ही बाई तान्ह्या लेकराला पाजत बसलेली. आक्काला आधी हसूच फुटलं.

“पाज निवांत. दुसऱ्या डावाला येऊ नगंस.”

“बाई, सायेब रागावत्याल.”

“त्याला मी बघते.”

तेवढ्यात साहेबच आले. “बाई, कोर्सला जायचं हाय न्हवं? मग डोळं झाका.”

“आवं सायेब, माझ्या पोरी बघत्यात. उद्या त्यास्नी काय तोंडानं शिकवू?”

आक्काने सरळ पंचांना जाऊन सांगितलं. सामना दुसऱ्या संघाला गेला. पोरी ढसाढसा रडल्या, एकजण तर आक्काशी कितीतरी दिवस बोलली नाही. आणि पंजाबला नाव गेलं सेक्रेटरींच्या पुतण्याचं, ज्याने आयुष्यात एकही चढाई केली नव्हती. तो प्रशिक्षक होऊन आला. आक्का पुढचा प्रत्येक जून धास्तीत काढत राहिली.

नातेवाईक म्हणायचे, झालं गेलं गंगेला मिळालं. आक्का म्हणायची, “गंगेला न्हाई, माझ्या पोटात हाय.” तिला कुणी साध्वी करू नये. ती मनात ठेवायची, शिव्याही मोठ्याने घालायची. पुतण्याचा संघ तिच्या पोरींकडून हरला तेव्हा तिने गावभर पेढे वाटले आणि एक पुडा सेक्रेटरींच्या घरी पोचवला. मला ती तशीच आवडायची.

मागच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. व्यासपीठावर तेच साहेब! बाईंना घडवण्यात आपला खारीचा वाटा, असं म्हणाले. मग त्यांनी काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र काढलं, ‘मानद प्रशिक्षक’, आणि मला वर बोलावलं. मी वर गेले, पण हात पुढे केला नाही.

“ह्यानं आता तिला कायमची नोकरी लागंल का, सायेब?”

“आवं ताई, मानाचं हाय ते...”

“मग तुमच्याच घरात लावा. जेवायला बसाल तवा समोर दिसू दे.”

कुणीतरी माझा पदर ओढला, म्हणालं, मेल्यावर वैर संपतं. संपत असेल. मेली ती आक्का, मी अजून आहे.

सभा तिथेच मोडली. खाली सगळ्या मुली बसलेल्या, आजच्याही आणि त्या हरलेल्या संघातल्याही, आता लेकुरवाळ्या झालेल्या. कुणीच उठून वाट दिली नाही. ती चौकट छातीशी धरून, ‘सरका गं जरा’ म्हणत साहेबांना त्यांच्यामधून दारापर्यंत जावं लागलं. मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले, आणि मला फार बरं वाटलं.