जिवाणूंचा ड्रायव्हर

माझा मामा जिवाणूंचा ड्रायव्हर होता. शाळेत 'घरातल्या मोठ्यांची कामं' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या, तेव्हा मी पहिली ओळ हीच लिहिली आणि बाईंनी तिच्याखाली लाल रेघ मारली. पण त्यात खोटं काहीच नव्हतं. शहराच्या कडेला एक लहानशी प्रयोगशाळा होती. पिकांच्या मुळांना उपयोगी पडणारे जिवाणू तिथे वाढवायचे, काळ्या भुकटीत मिसळून पाकिटांत भरायचे आणि पेरणीच्या आधी गावोगावच्या बियाण्यांच्या दुकानांत पोचवायचे. हे पोचवायचं काम मामाकडे होतं.

त्याआधी अठरा वर्षं त्याने काचा वाहिल्या होत्या, त्यामुळे खड्डा दिसायच्या आतच त्याचा पाय ब्रेकवर जायचा. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्याला कामावर घेताना एकच गोष्ट सांगितली. (त्या माणसांच्या डॉक्टर नव्हत्या, मातीच्या होत्या.) "यांच्यात जीव आहे. फार तापले की मरतात," त्या म्हणाल्या. मामाने ते मनावर घेतलं. टेम्पो उभा करायचा तो सावली बघूनच. सावली सरकली की हा डब्यावरून अर्ध्या जेवणात उठायचा आणि टेम्पो पुढे घ्यायचा.

बोलण्याच्या नावाने मात्र आनंद होता. आई म्हणायची, "लोक मूग गिळून बसतात. माझ्या भावाने अख्खं पोतं गिळलंय." तरुणपणी दोन-तीन स्थळं आली होती, पण मुलीने काही विचारलं की हा आईकडे बघायचा. आई त्याची मोठी बहीण. तिने तरी किती उत्तरं द्यायची? बावन्न वर्षांचा झाला तरी तो एकटाच होता, आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत.

पुढची गोष्ट मी मामीकडून ऐकली आहे. ती सांगत असताना मामा शेजारीच बसलेला असतो, आणि मधूनच एखादा शब्द दुरुस्त करतो.

पेरणी आठवड्यावर आली होती. रस्त्यावर माणूस नाही, झाड नाही, नुसतं रणरणतं ऊन, आणि टेम्पोच्या फॅनचा पट्टा तुटला. आत चाळीस खोकी. मामाने मागचं दार उघडून हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. थोड्या अंतरावर शेतात एक घर दिसत होतं. त्याने दोन खोकी खांद्यावर घेतली आणि जाऊन दार वाजवलं.

दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या एका बाईने. हाताला माती होती.

"आम्हाला काही नको," ती म्हणाली.

"नाही, विकत नाहीये. गार जागा हवी होती जरा."

"बसायला?"

"मला नाही. यांना." मामाने खोकी दाखवली.

"काय आहे त्यात?"

"जिवाणू."

बाईने दार अर्धं ओढून घेतलं. "रोगाचे?"

"नाही हो. चांगले."

"दिसतात?"

"नाही."

"मग चांगले कशावरून?"

"मरतील हो," एवढंच तो म्हणाला. मामी म्हणते, "तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिलेला बाप दिसतो ना, तसा चेहरा होता. मी म्हटलं, वेडा असेल, पण चोर नाही."

घराखाली एक तळघर होतं. लागवडीचे बटाटे ती तिथे ठेवायची. आत ओल्या मातीचा वास आणि विहिरीसारखा गारवा. दोघांनी मिळून चाळीसच्या चाळीस खोकी उतरवून ठेवली. मग मामा येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला हात करत शहरात गेला आणि पट्टा घेऊन तीन तासांनी परत आला. तोवर बाईने तळघराच्या दाराला ओलं पोतं लावून ठेवलं होतं. त्याने सांगितलं नव्हतं, तिने आपणहून लावलं होतं.

ते पोतं बघून मामा आतून हलला असावा, कारण तो बोलायला लागला. हे जिवाणू बियाण्याला लावायचे, मग ते मुळाला चिकटतात, मुळावर बारीक गाठी धरतात आणि त्यात घर करून राहतात. हवेतलं नत्र घेऊन झाडाला देतात, आणि झाड त्यांना खायला घालतं.

"म्हणजे घरजावई," बाई म्हणाली. "पण कमावता."

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. दोन एकर ती एकटीच करायची. बटाटा सोडून तिथे काही धड येत नव्हतं, म्हणून यंदा पहिल्यांदाच सोयाबीन करणार होती. "या जमिनीला काही होत नाही म्हणतात लोक," ती हसत म्हणाली. "मलाही तेच म्हणायचे. मूल झालं नाही ना. आम्ही दोघी एकाच माळेचे मणी."

मामा हसला नाही. त्याने डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं आणि त्यांच्या परवानगीने एक पाकीट तिला दिलं. गुळाचं पाणी उकळायचं, पार गार होऊ द्यायचं. त्यात भुकटी कालवायची आणि सावलीत बसून बियाण्याला लावायची. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, म्हणून चोळायचं नाही, नुसतं खालीवर करायचं. सावलीतच वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. एवढं सलग तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

सव्वा महिन्याने तो त्याच रस्त्याने जात होता. थांबला. शेत पिवळट दिसत होतं. बाईने एक रोप मुळासकट काढून त्याच्या हातात दिलं. मुळं पांढरी, स्वच्छ, धुतल्यासारखी. एकही गाठ नाही.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं सगळं," ती म्हणाली. "बियाणंही चांगलं आणलं होतं, दुकानातलं. गुलाबी रंग लावलेलं. जाऊ द्या, जमीनच तशी."

तिने राग धरला नाही, आणि मामाला नेमकं तेच लागलं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"गुलाबी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते बुरशीचं औषध असतं. काही औषधं चालतात, पण बरीचशी आपल्या जिवाणूंनाही मारतात. पाकिटाच्या मागे लिहिलंय की."

मामाने पाकीट उलटं केलं. खरंच लिहिलं होतं, बारीक अक्षरात. सहा वर्षं तो ती पाकिटं वाहत होता आणि 'थंड जागी ठेवा' याच्या पुढे कधी वाचलंच नव्हतं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला, पुढ्यातला चहा बाजूला सारला आणि म्हणाला, "ताई, मी पाहिले त्यांना. जिऱ्यासारखे आहेत. पण अंगात वारं शिरल्यासारखे पळतात."

रविवारी तो दोन बस बदलून तिच्याकडे गेला. काय बोलायचं ते रस्ताभर पुटपुटत होता. शेजारच्या प्रवाशाला वाटलं, हा कोणाशी तरी भांडायला निघालाय. बाई अंगणात होती. मामा फाटकातूनच म्हणाला,

"चूक माझी आहे. जमिनीची नाही. तुमचीही नाही."

मग त्याने गुलाबी औषधाचं सगळं सांगितलं.

"तुम्ही हे सांगायला आलात? बसने?"

"हो."

"फोन होता की."

"फोनवर नसतं जमलं."

मामी ही गोष्ट सांगताना इथे थांबते. "तुझी चूक नाही, असं मला कोणी म्हटलंच नव्हतं गं कधी," ती म्हणते. "आणि म्हटलं कोणी, तर सोयाबीनवरून!" त्या दिवशी तिने त्याला पाणी दिलं आणि बसल्या बसल्या बटाटे निवडायला लावले.

पुढच्या पेरणीसाठी तिने दुकानातलं बियाणं आणलंच नाही. जे काही थोडं पिकलं होतं त्यातलं टपोरं बी वेगळं काढलं. मामा रविवारी जायचा, दोघं ओसरीत बसून फुटका, सुरकुतलेला दाणा बाजूला करायचे. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, त्यातले अठ्ठ्याहत्तर उगवले. हे आकडे मामाने आम्हाला परीक्षेच्या निकालासारखे येऊन सांगितले.

पेरणीच्या दिवशी बाईने अट घातली. "मी उगीच विश्वास ठेवणार नाही. एका एकरात जिवाणू लावलेलं, एका एकरात साधं."

"मग साधं आधी पेरू," मामा म्हणाला. आता तो पाकिटाचा शब्द न् शब्द वाचून आला होता, शिवाय डॉक्टरबाईंना विचारूनही. "नाहीतर आपल्या हाताला चिकटून ते पलीकडे जातील."

पाच आठवड्यांनी त्यांनी दोन्हीकडची रोपं काढली. मुळं ओढून काढली तर गाठी मातीतच राहतात, म्हणून खुरप्याने भोवतीची माती मोकळी करून, बादलीत बुडवून धुतली. साध्या रोपांची मुळं कोरीच होती. दुसऱ्यांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी. बाईने एक गाठ नखाने चिरली. आतून ती लालसर निघाली.

"हे काय?"

"जिवंत आहेत," मामा म्हणाला. "काम चालू असलं की असा रंग असतो."

ती बराच वेळ अंगठ्याच्या नखावरचा तो लाल ठिपका बघत राहिली.

साध्या एकरात साडेसहा पोती निघाली, जिवाणूंच्या एकरात नऊ. मामा हरखून गेला. बाई मात्र म्हणाली, "तुमची बाजू सखल आहे. तिथे ओल जास्त टिकते. पुढच्या वर्षी बाजू बदलून बघू."

आईने हे ऐकून कपाळाला हात लावला. "ही शेती करते की वकिली?"

बाजू बदलून पाहिलं. पुन्हा जिवाणूंचीच बाजू पुढे, पण फरक थोडाच, जेमतेम अर्ध्या-पाऊण पोत्याचा. मामा पडेल चेहऱ्याने डॉक्टरबाईंकडे गेला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, गेल्या वर्षी जिथे लावले होते, तिथल्या मातीत ते राहिलेत. आता तुमची साधी बाजू साधी कुठे राहिली?"

म्हणजे आता मोजून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामाने जाऊन तसं सांगितलं. पेरणीच्या वेळी एक पाकीट लावत जा, दोन्हीकडे. सांगून झालं. तो फाटकापाशी उभा राहिला आणि कडीशी चाळा करू लागला.

"मग आता तुमचं इकडे काही काम नाही," बाई म्हणाली.

"नाही."

"टेम्पोचा रस्ता तर वेगळाच लागलाय ना यंदापासून?"

"हो."

मामाने कडी सोडली.

"पण नाही आलो," तो म्हणाला, "तर मला करमणार नाही."

"अहो, मग हे आधी म्हणायचं!" बाई म्हणाली. "तीन वर्षं आपण नुसती मुळं काय उपटत बसलो!"

त्यांनी नोंदणी कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या केल्या. साक्षीदारांत माझी आई आणि डॉक्टरबाई. आई सही करताना इतकी रडली की तिथला कारकून म्हणाला, "बाई, जबरदस्ती तर नाही ना?" मामी खळखळून हसली, आणि मामा लाजून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. गल्लीच्या टोकाची खोली सोडून तो तिच्या घरी राहायला गेला. निवृत्त होईपर्यंत तिथूनच रोज पहिल्या बसने कामावर जायचा.

याला आता अकरा वर्षं झाली. मागच्या पेरणीला मी चार दिवस त्यांच्याकडे होते. मामाला मांडी घालून बसता येत नाही, म्हणून मामीने ओसरीत टेबल मांडलं होतं आणि त्यावर ताडपत्री पसरून बी ओतलं होतं. आसपासच्या चार-पाच घरांतली माणसंही आपापलं बियाणं घेऊन आली होती. मामा एकेकाला विचारत होता, "रंग नाही ना लावलेला? नक्की? दाखवा बघू." एका बाईच्या पिशवीत गुलाबी दाणे निघाले तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, "यांना नका लावू. यंदा असंच पेरा. पुढच्या वर्षीचं बी घरचं ठेवा, मी येतो निवडायला."

मामीचं मनगट दुखत होतं, तरी ती मधूनच हात घालायची. मामा तिचा हात अलगद बाजूला ठेवायचा आणि दाणे स्वतः खालीवर करायचा. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दुपारपर्यंत लोक गेले. मी गुळाच्या पाण्याचं पातेलं घासायला घेतलं. आत मामी त्याला सांगत होती, "जेवून घ्या, मग शेत," आणि तो म्हणत होता, "बी वाळलंय, आधी पेरून येऊ." थोडी हुज्जत झाली. मग दोघंही टोपलं घेऊन निघाले, त्याच्याकडे एक कडी, तिच्याकडे दुसरी. मी ताटं झाकून ठेवली.