डांबराचा चंद्र

मुदखेडला आमच्या घरी मला बघायला नायगावची मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले. मग मुलाच्या आईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि माझा गाल खसाखसा पुसला. पावडर निघते का बघायला! तेवढ्यावर भागलं नाही. "उन्हात आणा हो पोरीला," म्हणाली. भर दुपारी अंगणात उभं केलं मला, आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "आम्हाला चंद्रावानी सून पाहिजे. ही तर डांबर हाय."

माझा बाप ओसरीवर मान खाली घालून बसला. ती मान मी मेले तरी विसरणार नाही.

पुढं मी शिकले, नांदेडला शाळेत भूगोल शिकवायला लागले. एकदा पुस्तक वाचता वाचता एकटीच टाळी वाजवली. चंद्राची जमीन म्हणे जुन्या डांबरी सडकेइतकी काळपट! पडलेलं बहुतेक ऊन गिळतो, थोडंसंच परत पाठवतो. मागं आभाळ काळंकुट्ट, म्हणून हा आपला पांढरा दिसतो. खरा गोरा तो शुक्र. अंगावर ढगांची जाड गोधडी, आलेलं ऊन बरंचसं माघारी. पण शुक्रावानी सून कुणी मागितलीय का? तेव्हापासून हा धडा मी जरा जास्तच रंगवून शिकवते.

यंदा गॅदरिंगला ग्रहांचं नाटक बसवलं. चंद्राचं काम वर्गातल्या सगळ्यात सावळ्या पोरीला दिलं. आवाज खणखणीत तिचा. नाटकाच्या दिवशी सकाळी तिची आजी तिला दंडाला धरून घेऊन आली. पोरीच्या तोंडावर पावडरीचा थर, डोळ्यांत पाणी.

"मॅडम, काळ्या पोरीला कुणी चंद्र करतंय का? लोक हसतेल. एखादी गोरी घ्या."

आधी आवाज ओळखला, मग चेहरा. अगं बाई! आयती तावडीत सापडली होती. खोटं कशाला सांगू, लई आनंद झाला मला.

पदराचं टोक नळाखाली भिजवलं. "पुसू का गं?" पोरीला विचारलं. तिनं जोरात मान डोलावली. हलक्या हातानं सगळी पावडर काढली आणि तिला मांडवाबाहेरच्या उन्हात उभं केलं. "बघा आजी, हा चंद्राचा खरा रंग."

म्हातारी माझ्या ओल्या पदराकडं बघतच राहिली. "मॅडम, तुमचं माहेर कुठलं?"

"मुदखेड. ओळखलं न्हाई का? मी ती डांबर."

तिची मान खाली गेली. तिला पुढच्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं, तोवर पोर स्टेजवर चढली होती. "मी चंद्र! डांबरासारखा काळा. तरी वाट माझीच बघता!" मांडवभर टाळ्या. म्हातारी हळूच उठायला लागली, तशी मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा. माझा बाप तुम्ही जाईपर्यंत जागचा हलला नव्हता."

नाटक संपेपर्यंत तिला उठू दिलं नाही.