बारा वाजता बंद होणारी बाग

मुलुंडची आमची बाग ब्रिटिशांच्या जमान्यातली. मधलं दगडी कारंजं तेव्हाचंच, फक्त आता कोरडं. बाबा तिथे तीस वर्षं माळी होते. आता त्यांना काही आठवत नाही, पण सकाळी बागेत नेलं नाही तर दाराशी उभे राहून कडी वाजवत बसतात.

त्या दिवशी निघताना त्यांनी चपला उलट्या घातल्या, परत परत घातल्या. मी खेकसले, "एक दिवस तिथेच सोडून येईन तुम्हाला." बोलायला काय जातं आपलं!

बागेत ऑफिसचा फोन आला म्हणून मी गेटबाहेर गेले. पाच मिनिटं, फार तर दहा. वळून बघते तर गेटला कुलूप. बारा ते चार बाग बंद असते.

"आत माझे वडील आहेत," मी नव्या वॉचमनला म्हटलं.

"सगळे गेले, मॅडम. पूर्ण राउंड मारलाय मी."

मग ते मागच्या गेटाने रस्त्यावर गेले असणार. मी कुंपणाच्या कडेने पळत सुटले. रिक्षावाल्यांना विचारलं, रसवाल्याला विचारलं. कोणीच बघितलं नव्हतं. त्या रस्त्यावर बस कशा येतात ते मला माहीत आहे. परत येऊन मी वॉचमनवर इतकी भडकले, की त्याने कुलूप काढलं.

कारंज्यामागे बाबा उकिडवे बसून गवत उपटत होते.

"हा? हा माळी आहे ना?" वॉचमन म्हणाला.

मी धावत गेले. बाबांनी मान वर केली. "ताई, बाग बंद झाली. चारला या."

मला जन्मभर लाडाने 'बाय' म्हणणारा माणूस. हात धरून ओढलं असतं तर ते हलले नसते. मी म्हटलं, "काका, माझे वडील हरवलेत हो."

ते लगेच उठले, हात धोतराला पुसले. "चला, बघू या." सगळी बाग त्यांनी माझ्याबरोबर धुंडाळली, अगदी झुडपांत वाकून. शेवटी गेटपाशी आलो तेव्हा वॉचमनला म्हणाले, "यांचे वडील सापडले तर सावलीत बसव. आणि ओरडू नको रे म्हाताऱ्यावर."